न कळलेले शब्द

माझा दादा बत्तीस वर्षं शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात होता आणि त्याला पोहता येत नाही. तिथले लोक त्याला पाणबुड्या म्हणायचे. चेष्टेनंच म्हणायचे, पण पंप बिघडला की आधी पाणबुड्यालाच शोधायचे.

त्याचं काम साधं होतं. दर तासाला चारही पंपांभोवती फेरी मारायची, तबकड्या वाचायच्या आणि मोठ्या नोंदवहीत लिहायचं. वेळ, दाब, टाकीची पातळी आणि शेवटी शेरा. बाकीचे लोक चहाच्या वेळी आठ तासांचे आकडे एका दमात ठोकून द्यायचे. दादा मात्र तास भरला की उठायचा, मग समोर कोणी का बसलेलं असेना. शेऱ्यात तो एकच शब्द लिहायचा, ‘ठीक’. वहिनीला पहिल्यांदा भेटून आला तेव्हा आईनं विचारलं, कशी आहे रे मुलगी? हा म्हणाला, ‘ठीक.’ आईचा चेहरा पडला. मला मात्र कळलं की स्वारी गेली कामातून. दादाच्या शेऱ्यात ‘ठीक’च्या वर काही नसतंच.

पंपघरातला एक जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला तो यानं घरी आणला. एक जाडजूड पुस्तक आणून त्यावरून तो प्रोग्राम लिहायला शिकला आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं चक्क एक खेळ बनवायला घेतला. मला वाटलं, पत्ते असतील नाहीतर बुद्धिबळ. बघायला गेले तर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, आवाज नाही, गुण नाहीत. खेळणारा माणूस एका छोट्या पाणबुडीत एकटा बसलेला असतो. आपल्या पृथ्वीवर नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी ग्रहावर. त्या ग्रहाला जमीनच नाही, नुसता समुद्र आहे. पडद्यावर दोन-तीन ओळी येतात, त्या वाचायच्या आणि आपण काय करणार ते टाइप करायचं. एवढाच खेळ.

‘खोली: ४१० मीटर. दिव्याच्या उजेडात काही दिसत नाही. डावीकडे काहीतरी मोठं सावकाश कूस बदलतंय. त्याचं तुझ्याकडे लक्ष नाही. काय करतेस?’

मी म्हणाले, ‘‘अरे, याला खेळ म्हणतात? हे तर तुझ्या नोंदवहीसारखंच आहे.’’

‘‘नोंदवहीच आहे,’’ दादा म्हणाला. ‘‘फक्त पाणी दुसरं आहे.’’

‘काय करतेस’ असं लिहिलं होतं, ‘करतोस’ नाही. कारण खेळणारी एकटी वहिनीच होती. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. वहिनी शाळेच्या ऑफिसात होती, दिवसभर दोनशे पोरांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलायची आणि घरी येऊन उरलेलं बोलायची. दादा ऐकायचा. निदान तसा दिसायचा तरी. तोंडी सांगितलेलं दादाच्या डोक्यात राहत नाही, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. साखर आण म्हटलं तर नुसती मान हलवतो. चिठ्ठीवर लिहून दिलं तर आणतो आणि नंतर चिठ्ठीवर खूण करतो. वहिनीनं हे लग्नानंतर महिन्याभरात ओळखलं. ती मला म्हणायची, ‘‘वन्सं, तुमच्या भावाला प्रेमसुद्धा यादीत घालून द्यावं लागतं.’’

संध्याकाळी जेवण व्हायच्या आधी तासभर ती त्या समुद्रात उतरायची. नऊ वर्षं उतरली. तिच्यासाठी दादा नवीन नवीन खोली लिहीत गेला. पाण्यातच उगवणारी आणि पाण्यातच विझणारी झाडं त्यानं लिहिली. इंजिनाच्या आवाजाची नक्कल करत मागे मागे येणारा एक प्राणी लिहिला. तो कधी दिसत नाही, फक्त ऐकू येतो. वहिनी शाळेत जाऊन त्याच्या गोष्टी सांगायची, आणि पोरांना वाटायचं बाई खरंच कुठेतरी जाऊन येतात.

या खेळाचे दोन नियम होते. ते मला नीट सांगायलाच हवेत, कारण सगळं त्यांच्यामुळेच झालं.

पहिला नियम असा, की ती खेळत असताना कोणी तिच्या मागे उभं राहायचं नाही आणि तिच्या पडद्याकडे बघायचं नाही. दादाला ठाऊक होतं की आपण बघितलं तर आपल्याला राहवणार नाही, आपण सुचवू, आणि मग खेळ कुठे अडतो ते कळणारच नाही. एकदा मीच वाकून बघत होते तर त्यानं मला हाताला धरून खोलीबाहेर काढलं होतं.

दुसरा नियम रविवारचा. खेळाला सगळे शब्द कळायचे नाहीत. ‘दिवा लाव’, ‘खाली जा’, ‘थांब’, ‘ऐक’ असे शब्द त्यात घातलेले होते. वहिनीनं वेगळंच काही लिहिलं की खेळ म्हणायचा, ‘हे मला कळलं नाही.’ आणि तो न कळलेला शब्द गुपचूप एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. तारीख, खोली आणि शब्द. दर रविवारी सकाळी दादा ती फाइल उघडायचा आणि एकेक शब्द खेळात घालायचा. एकदा वहिनीनं गंमत म्हणून ‘गाणं म्हण’ असं लिहिलं. सोमवारी पुन्हा लिहून पाहिलं तर खेळ म्हणाला, ‘पाणबुडीचा गळा बरा नाही, पण तू म्हण, बाहेरचे ऐकतील.’ वहिनी दोन दिवस हसत होती. घरचं काही सांगायचं असलं तरी ती कधी कधी तिथंच लिहायची. ‘गीझर दुरुस्त करा’ असं एकदा सत्तर मीटरवर लिहिलं होतं. रविवारी गीझर दुरुस्त झाला. नऊ वर्षांत दादाचा एकही रविवार चुकला नव्हता.

मग वहिनीचा घसा दुखायला लागला. दादा निवृत्त झाला त्याच वर्षी. तपासण्या झाल्या आणि ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. आमच्या घरातलं सगळ्यात बोलकं माणूस गप्प झालं. उशाशी एक वही ठेवली होती, त्यात ती लिहायची. ‘उशी वर करा.’ ‘औषध झालं.’ ‘खिडकी.’ त्या वहीत याहून जास्त काही नसायचं. ती वही मी वाचायचे, नर्स वाचायची, भेटायला येणारे वाचायचे. चारचौघांत मन मोकळं करणारी वहिनी नव्हती. तिचं ते सगळं बोलणं असायचं, त्यात स्वतःबद्दल फार थोडं असायचं, हे मला ती गप्प झाल्यावर कळलं.

सहा महिन्यांनी दुखणं उलटलं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता चार महिने धरा, फार तर पाच.

दादा घरी आला आणि मला म्हणाला, ‘‘तळ लिहायचा राहिलाय.’’

मला काही उमजेना. मग त्यानं सांगितलं. नऊ वर्षं वहिनी विचारत होती, या समुद्राच्या तळाशी आहे तरी काय? आणि तो नऊ वर्षं म्हणत होता, अजून लिहायचंय. आता तिला तळ दाखवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. शेवटच्या खोलीपासून तळापर्यंत अजून तीन हजार मीटरचा समुद्र लिहायचा बाकी होता.

वहिनीचा पलंग पुढच्या खोलीत होता. पलंगाला लागून फिरतं टेबल आणि त्यावर तिचा कॉम्प्युटर. दादानं दुसरा एक कॉम्प्युटर घेऊन आपलं बस्तान मधल्या खोलीत मांडलं आणि दार लोटून घेतलं. तिला टाइप करण्याचा आवाज नको म्हणून. सकाळी तिला चहा भरवायचा, औषधं द्यायची, अंग पुसायचं, सगळं तो करायचा. मग आत जाऊन बसायचा तो जेवायला उठायचा, पुन्हा बसायचा तो दिवे लागेपर्यंत. दुपारी मी यायचे. माझं पडदे शिवायचं काम मी त्यांच्याकडेच आणलं होतं. मशीन खिडकीपाशी, मी मशीनवर, वहिनी पलंगावर, दादा भिंतीपलीकडे. वहिनी टाइप करत असायची. मला वाटायचं, खेळतेय, बरं आहे, जीव रमतोय.

पहिल्या रविवारी मी विचारलं, ‘‘आज फाइल नाही बघायची?’’

‘‘आता नाही. नवीन शब्द घालत बसलो तर तळ राहील. शब्द नंतर.’’

‘नंतर’ म्हणाला तो. त्याला ऐकू आलं नाही आपण काय बोललो ते. मलाही आलं नाही.

दोन महिने झाले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी दार ढकलून आत गेले आणि म्हणाले, ‘‘अरे, ती तिथे पलंगावर आहे आणि तू इथे भिंतीकडे तोंड करून बसलायस. तो समुद्र गेला खड्ड्यात. जाऊन बस जरा तिच्याजवळ.’’

दादानं मागे वळूनही पाहिलं नाही. ‘‘बाराशे मीटर राहिलेत,’’ म्हणाला. ‘‘तिनं कधी काही मागितलं नाही गं माझ्याकडे. एवढं एकच विचारलंय.’’

त्याचे डोळे सुजलेले होते. मी बाहेर आले. तेव्हा त्याला ओढून आणायला हवं होतं, हे आज म्हणणं सोपं आहे.

तळ पूर्ण झाला एका गुरुवारी, सतरा रविवार उलटून गेल्यावर. वहिनी तेव्हा उशीला टेकूनच बसू शकत होती. दादानं नवीन खेळ तिच्या कॉम्प्युटरवर चढवला, टेबल तिच्या पुढ्यात ओढलं, तिच्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘झालं बघ. जा खाली.’’ आणि नियमाप्रमाणे दारात जाऊन उभा राहिला, पडद्याकडे पाठ करून. परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा.

तिला पाऊण तास लागला. मधेच थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा एक बोट उचलायची. शेवटी तिनं चमचा वाटीवर वाजवला. दादा वळला. ती त्याच्याकडे बघत होती. ‘‘पोचलीस?’’ त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. ‘‘कसं आहे?’’ तिनं वही ओढली आणि लिहिलं, ‘ठीक’.

दादा इतका रडला की मी त्याला कधी तसं पाहिलं नव्हतं. रविवारी पहाटे वहिनी गेली.

त्यानंतर जो कोणी भेटायला यायचा त्याला दादा एकच गोष्ट सांगायचा. तिनं तळ बघितला. पंपघरातले सोबती आले, शाळेतल्या बाया आल्या, सगळ्यांना सांगायचा. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, पण माना डोलवायचे. मी मनात म्हणायचे, असू दे. माणसाला धरून उभं राहायला काहीतरी लागतंच, आणि यानं ते कष्टानं मिळवलंय.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी मी गेले तेव्हा दादा तिच्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. चार महिन्यांचे शब्द साचले होते आणि दादाला साचलेली नोंद बघवत नाही. त्यानं फाइल उघडली. मी चहा टाकला. चहा घेऊन आले तर तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचा हात टेबलावर नुसता पडलेला होता.

बत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं आधी आकड्यांचा रकाना वाचला होता. ओळीमागून ओळ, दिवसामागून दिवस, खोली तीच. साठ मीटर. साठ मीटर. साठ मीटर. चार महिन्यांत वहिनी जागची हललीच नव्हती. पाणबुडी वरच्या वर उभी करून ती नुसती लिहीत होती. मी बाजूला बसून शिवत होते तेव्हा ती खेळत नव्हतीच.

मग आम्ही शब्द वाचले.

पहिला शब्द होता, ‘अहो’.

त्याच्याखाली पुन्हा ‘अहो’. मग ‘ऐकताय का’. मग ‘दार उघडं ठेवा ना’. ‘आज फार दुखतंय’. ‘हिला सांगू नका, उगाच घाबरेल’. हिला म्हणजे मला. ‘तुमचा आवाज येत नाही इकडे’. ‘मला भीती वाटते’. ‘तळ नको’. ‘जवळ बसा’.

सोमवार आला की आदल्या आठवड्याचे सगळे शब्द पुन्हा होते, त्याच क्रमानं. का, ते आम्हा दोघांना एकदमच कळलं. रविवार झाला होता ना. दादानं फाइल बघितली असणार, शब्द घातले असणार, आता खेळ उत्तर देईल, म्हणून ती एकेक लिहून पाहत होती. तिच्या नवऱ्याला सांगितलेलं राहत नाही, पण नोंदीत आलेलं कधी सुटत नाही, या एका गोष्टीवर तिचा संसारभर विश्वास होता. म्हणून तिनं वहीत नाही लिहिलं, इथे लिहिलं. सतरा सोमवार तिनं लिहून पाहिलं आणि सतरा सोमवार तिला तेच उत्तर मिळालं, ‘हे मला कळलं नाही.’

शेवटची ओळ त्या गुरुवारची होती. तिथे खोली साठ नव्हती, शेवटची होती, तळाची. त्याच्या समाधानासाठी ती बिचारी बोट उचलत उचलत तेवढं खाली गेली होती. तळाशी दादानं लिहिलं होतं की इथे पाणी उबदार आहे, आणि इतकी वर्षं मागे मागे येणारा तो प्राणी आता तुझ्या शेजारी येऊन टेकलाय. त्यावर वहिनीनं लिहिलं होतं, ‘छान आहे. आता तुम्ही या.’

खेळानं काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

दादा रडला नाही. त्यानं चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि शब्द घालायला बसला.

‘‘आता काय उपयोग आहे?’’ मी ओरडलेच. ‘‘कोणासाठी घालतोयस?’’

‘‘रविवार आहे,’’ तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत बसला. ‘भीती वाटते’ पुढे काय लिहावं हे त्याला सुचेना, दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. ‘अहो’ला मात्र त्यानं लगेच उत्तर घातलं. आता त्या खेळात कुठल्याही खोलीवर ‘अहो’ लिहिलं की खेळ म्हणतो, ‘ओ’. मी लिहून पाहिलंय. एकदाच. पुन्हा माझ्यानं झालं नाही.

आता दादा बरा आहे असं लोक म्हणतात. जेवतो, फिरायला जातो, चिठ्ठीवर दिलेलं सामान आणतो. तळाची गोष्ट आता कोणाला सांगत नाही. पण अधूनमधून, काहीतरी दुसरंच बोलता बोलता, मला विचारतो, ‘‘तू तर रोज दुपारी तिच्यापाशी होतीस. तुला कधी काही जाणवलं नाही ना? ती काही दाखवत नव्हती ना?’’

त्याला काय ऐकायचंय ते मला कळतं. कोणालाच कळण्यासारखं नव्हतं, एवढंच त्याला हवंय. तेवढ्यावरच त्याचा दिवस निघतो.

एका सोमवारी दुपारी मी जाड पडद्याला अस्तर लावत होते. वहिनीनं चमचा वाजवला म्हणून मी वर बघितलं. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला होता आणि ती त्याच्या पडद्यावर बोट आपटत होती. माझ्याकडे बघत होती, पुन्हा बोट आपटत होती. मी डोळ्यांवर हात घेतला आणि हसून म्हणाले, ‘‘नको गं बाई, तुझा नवरा मला पुन्हा हाताला धरून बाहेर काढेल.’’ ती थोडा वेळ तशीच थांबली. मग तिनं कॉम्प्युटर पुन्हा स्वतःकडे वळवून घेतला, आणि मी मशीन सुरू केलं.

दादानं विचारलं की मी म्हणते, ‘‘नाही रे. मला नाही काही दिसलं.’’